क्लीनरूम नसलेल्या कॉलेजातून चिपसंशोधनाला सरकारी पैसा कसा मिळवावा: इंदूरच्या नवख्यांसाठी

माझा पहिला प्रस्ताव १ कोटी ४० लाखांचा होता. त्यातले ९५ लाख एका स्पटरिंग यंत्राचे, म्हणजे पातळ थर बसवणाऱ्या यंत्राचे. सहा महिन्यांनी उत्तर आलं, त्याचा मतलब एवढाच की यंत्र दिसतं, कल्पना दिसत नाही. मी चिडलो. छप्पन दुकानला मित्रासमोर पोहे गार होईपर्यंत बडबडलो. आज तोच प्रस्ताव माझ्याकडे परीक्षणाला आला, तर मीही नापास करीन.

दुसराही नाकारला गेला, पण त्यावर दोन पानं शेरे आले. तिसरा मंजूर झाला. तो सगळ्यांत लहान होता आणि त्यात एकही मोठं यंत्र नव्हतं. मधल्या काळात मी एकच शिकलो होतो. सरकारी पैसा मागण्याआधी सरकारी यंत्रं वापरून घ्यायची असतात, आणि त्यातली काही आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

हा लेख इंदूरच्या आणि आसपासच्या कॉलेजांत नुकत्याच लागलेल्या प्राध्यापकांसाठी, पीएचडी संपवत आलेल्यांसाठी आहे. तुमच्या संस्थेत स्वतःची क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली असेल, तर पाचव्या पायरीपासून वाचलंत तरी चालेल.

१. वर्तमानपत्रातला पैसा आणि आपला पैसा वेगळा काढा

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. ते वाचून आमच्या रामबागेतल्या काकांनी गणपतीत आरतीनंतर सगळ्यांदेखत विचारलं, "अरे, त्यातले तुला किती मिळाले?" शून्य. तो पैसा मुख्यतः कारखान्यांचा: गुजरातेतली धोलेऱ्याची फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, आणि साणंदचा पॅकेजिंगचा कारखाना. (आपल्या शहरात 'सानंद' म्हटलं की नाटकाचा प्रयोग डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे घरी हे दोनदा सांगावं लागतं.)

२०२५ मध्ये १ लाख कोटींची संशोधन-विकास-नवोन्मेष योजना आली. तीही कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी नाही. ती खासगी क्षेत्रासाठी आहे. त्यात दीर्घ मुदतीचं, कमी किंवा बिनव्याजी कर्ज आणि भांडवल मिळतं, आणि तंत्रज्ञान तयारीच्या मोजपट्टीवर निदान चौथ्या पातळीपर्यंत, म्हणजे प्रयोगशाळेत चालतं आहे इथवर, आलेलं असावं लागतं. उद्या तुमच्या विद्यार्थ्यानं कंपनी काढली तर तिची फाईल उघडा. मध्य प्रदेशाचं स्वतःचं सेमीकंडक्टर धोरण २०२५ मध्ये आलं, तेही उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे.

आपल्या कामाची दारं चार-पाचच आहेत. पण कुठलं दार, ते तुमचं काम कुठल्या थरावर आहे त्यावर ठरतं. म्हणून आधी तो थर.

२. तुमचं काम कुठल्या थरावर आहे, ते एका वाक्यात लिहा

'पुढच्या पिढीची मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स' हे शब्द फार सैल आहेत. लोक त्यात काहीही कोंबतात. ढोबळमानाने चार थर धरा.

पदार्थ: गॅलियम ऑक्साइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे एका रेणूच्या जाडीचे थर, फेरोइलेक्ट्रिक ऑक्साइड (विजेनं ध्रुव उलटवता येतात आणि वीज काढली तरी तसेच राहतात असे).
डिव्हाइस: त्या पदार्थातून केलेला ट्रान्झिस्टर, मेमरिस्टर, सेन्सर.
सर्किट: तयार प्रक्रियेवर बसवलेली नवी रचना. मेंदूच्या धर्तीवर चालणारी सर्किटं, मेमरीतच गणित करणारी सर्किटं यांत येतात.
पॅकेजिंग: अनेक लहान चिप एकत्र जोडणं, उष्णता बाहेर काढणं.

पहिल्या प्रस्तावात मी चारही थर घातले होते. पदार्थ बनवणार, डिव्हाइस करणार, सर्किट जोडणार आणि वर एक 'प्रोटोटाइप'. तीन वर्षांत, एका जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोच्या जिवावर! परीक्षकाला हसू आलं असेल.

एकच थर घ्या आणि शेजारच्या थराला फक्त हात लावा. उदाहरणार्थ: "हाफ्नियम-झिर्कोनियम ऑक्साइडचा १० नॅनोमीटरचा थर वारंवार चालू-बंद केल्यावर का थकतो, ते इलेक्ट्रोड आणि ऑक्साइडच्या सांध्यावर शोधायचं." यात पदार्थ आहे, डिव्हाइस म्हणून साधा कपॅसिटर आहे, आणि प्रश्न आहे. हे उदाहरण पुढे लेखभर वापरतो.

परीक्षकांना हाच पदार्थ का पटतो, हेही सांगून ठेवतो. हाफ्नियम ऑक्साइड २००७ पासून कारखान्यांतल्या ट्रान्झिस्टरमध्ये वापरात आहे, त्यामुळे कारखान्याला तो परका नाही. तो योग्य प्रकारे बनवला तर फेरोइलेक्ट्रिक होतो, हे २०११ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. शिवाय झिर्कोनियम मिसळलं की तो साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिकरूप घेतो, आणि चिपवरच्या धातूच्या तारा पक्क्या झाल्यावर पुढची प्रक्रिया त्याच तापमानाच्या आत ठेवावी लागते. तुमचा पदार्थ ७०० अंशांवर बनत असेल तर तो कितीही सुंदर असो, "चिपवर बसवणार कसा?" हा प्रश्न येणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा.

३. पैशाआधी यंत्र: ही पायरी वगळू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे. माझी दोन वर्षं इथेच वाया गेली.

कॅट. नाव २००५ मध्ये बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, पण रिक्षावाल्याला आजही 'कॅट'च सांगावं लागतं. राजेंद्रनगरच्या पुढे कुंपणाआड देशातले इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन स्रोत आहेत. इंडस-२ म्हणजे सुमारे १७२ मीटर परिघाचं एक कडं. त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात, आणि वळताना त्यांच्यातून जे क्ष-किरण निघतात ते वेगवेगळ्या बीमलाइनवर, म्हणजे किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या मार्गांवर घेतले जातात. इंदूरच्या माणसाला लहानपणापासून ते कुंपण ठाऊक असतं. आत आपल्या कामाचं काही असेल, असं मात्र कधी वाटत नाही.

आत काय आहे बघा. क्ष-किरणांनी सूक्ष्म आकार कोरण्याची लिथोग्राफीची एक बीमलाइन आहे. अणूभोवतीची रचना सांगणारी ईएक्सएएफएस आहे. आणि माझ्या कामाची हॅक्सपेस, म्हणजे जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांचं फोटोइलेक्ट्रॉन मापन. साधं एक्सपीएस, म्हणजे हेच मापन कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी, वरचे काही नॅनोमीटरच बघतं. वर इलेक्ट्रोड, खाली १० नॅनोमीटरचा ऑक्साइड, त्याच्याखाली पुन्हा इलेक्ट्रोड अशी थप्पी असली की तळचा सांधा साध्या यंत्राला दिसतच नाही. जास्त ऊर्जेच्या किरणांनी इलेक्ट्रॉन खोलवरून बाहेर येतात, म्हणून थप्पी न सोलता सांधा बघता येतो.

विद्यापीठ-कॉलेजच्या संशोधकांना बीमटाइमसाठी, म्हणजे बीमलाइन वापरायच्या वेळेसाठी, पोर्टलवर छोटा प्रस्ताव द्यावा लागतो. हा प्रस्ताव म्हणजे पैशाच्या प्रस्तावाची रंगीत तालीम. दोन पानांत प्रश्न, नमुना, किती तास, का इथेच. पाठवण्याआधी बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना ईमेल करा आणि नमुन्याचा आकार, जाडी, पाया विचारा. मी विचारलं नव्हतं. काचेवर थर घेऊन गेलो. काच वीज वाहत नाही, नमुना भारित झाला, सगळी शिखरं सरकली आणि दिवस फुकट गेला. दोष माझाच. ते लोक आदल्या संध्याकाळीही फोनवर सांगायला तयार होते.

दुसरं दार खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात आहे: यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघ. विद्यापीठातल्या लोकांना अणुऊर्जा विभागाच्या सुविधा मिळाव्यात यासाठीच ही संस्था उभी आहे. कमी तापमानाची, उच्च चुंबकीय क्षेत्रातली मापनं, लेझरनं पातळ थर बसवण्याची सोय, रामन, क्ष-किरण विवर्तन असं बरंच काही तिथे आहे. त्यांची सहयोगी संशोधन योजना नवख्यासाठी सोन्यासारखी. रक्कम छोटी, पण प्रकल्पाला एक फेलो आणि किरकोळ खर्च मिळू शकतो. पहिलं अनुदान म्हणून बायोडेटावर हेच लिहिलं जातं, आणि पुढच्या परीक्षकाला कळतं की या माणसानं एकदा पैसा घेऊन हिशोब दिला आहे.

तिसरं, खरी क्लीनरूम. त्यासाठी गाव सोडावं लागतं. इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या आयएनयूपी-आयटूआय कार्यक्रमात बंगळुरूचं आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, खरगपूर, गुवाहाटी इथल्या आयआयटी अशी सहा केंद्रं आहेत. आधी ओळखवर्ग, मग प्रत्यक्ष हात लावायचं प्रशिक्षण, मग स्वतःचा प्रकल्प, अशा पायऱ्या. आपल्याला मुंबई सोयीची. अवंतिका एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघायचं आणि सकाळी बोरिवलीला उतरून पवई गाठायची. नमुने जेल बॉक्समध्ये ठेवा, बॉक्स सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, आणि वेफरच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकानं क्रमांक कोरा. स्केचपेनचा क्रमांक अॅसिटोननं धुतला जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझे सात तुकडे सात अनोळखी भावंडं झाले.

सर्किटवाल्यांनी बंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतल्या चिपइन केंद्राकडे बघावं. चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात देशातल्या शेकडो संस्थांना महागडी डिझाइन सॉफ्टवेअर तिथून मिळतात आणि निवडलेल्या रचना मोहालीच्या एससीएल या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर प्रक्रियेवर छापल्या जातात. १८० ऐकून, जुनी प्रक्रिया म्हणून नाक मुरडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलेला अंतराळासाठीचा 'विक्रम' प्रोसेसर त्याच प्रक्रियेवर झाला. तुमची संस्था यादीत आहे का, ते विभागप्रमुखांना विचारा. बऱ्याचदा असते आणि लायसन्स कुणीच उघडलेलं नसतं. नसेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ई-सिम, एनजीस्पाइस, के-लेआउट आणि स्कायवॉटरचं खुलं १३० नॅनोमीटरचं डिझाइन किट यांवर सुरुवात करा. पैसे लागत नाहीत.

शेवटी आय-स्टेम पोर्टल. देशात कुठलं यंत्र कुठे आहे, ते तिथे शोधता येतं आणि वेळही मागता येते.

या पायरीला सहा महिने ते वर्ष लागतं. हातात काय आलं पाहिजे? एक आलेख. तुमच्या नमुन्याचा, तुम्ही मोजलेला. बाकी प्रस्ताव त्या आलेखाभोवती बांधायचा असतो.

४. दार निवडा

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, २०२३ च्या कायद्यानं आलं आणि जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, त्यात विलीन झालं. सीनिअर लोक अजून 'एसईआरबीत टाकला का?' असंच विचारतात, गोंधळू नका. पदार्थ आणि डिव्हाइसवाल्यांचं मुख्य दार हेच. नव्या प्राध्यापकांसाठी प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च) वेगळा. वयाची मर्यादा ४२, काही गटांना सवलत. थोडे जुने झालात तर अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट. पीएचडी झाली पण नोकरी नाही, तर नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. तिला मार्गदर्शक म्हणून कॅटमधले किंवा सिमरोलला आयआयटीतले कुणी तयार होतात का, ते विचारा.

इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाचे प्रकल्प मोठे असतात, त्यात बहुधा अनेक संस्था एकत्र असतात आणि वर देखरेखीची समिती बसते. एकट्या नवख्यानं तिथे प्रमुख म्हणून जाऊ नये. सहसंशोधक म्हणून मात्र जरूर. तुमच्या पीएचडी विद्यार्थ्यासाठी त्याच मंत्रालयाची विश्वेश्वरय्या योजना आहे.

कंपनी काढली असेल तर डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह: पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जाला कमाल १५ कोटी. पण तिथे खर्च आधी तुम्ही करायचा आणि परतावा मागून येतो. खिशात काही नसताना त्या वाटेनं गेलेले दोघं मी पाहिले आहेत.

एकच प्रस्ताव दोन ठिकाणी पाठवू नका. तसा पाठवला नाही, असं तुम्ही सहीनिशी लिहून देता.

५. कागदपत्रं आधी, लिखाण मागून

हे उलटं वाटेल. पण लिखाण तुमच्या हातात असतं, कागद इतरांच्या.

– पीएचडीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र
– बायोडेटा, योजनेच्या नमुन्यातच
– संस्थेचं एंडोर्समेंट पत्र, सही आणि शिक्क्यासह, त्यांच्याच मसुद्यात
– सहसंशोधकांचं संमतिपत्र
– वाङ्मयचौर्य नसल्याचं आणि हितसंबंधांबाबतचं प्रतिज्ञापत्र
– मागितलेल्या प्रत्येक उपकरणाचं ताजं कोटेशन
– ज्यांची यंत्रं वापरणार त्यांची पत्रं किंवा मंजूर बीमटाइमचा पुरावा
– संस्थेची पीएफएमएस (सरकारी पैशाच्या व्यवहारांची प्रणाली) नोंदणी, खासगी संस्था असेल तर दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) क्रमांक

एंडोर्समेंट पत्रानं माझा जीव काढला होता. शेवटची तारीख मार्चमध्ये होती. मी निवांत होतो, चार दिवस हातात होते. त्यातला एक रंगपंचमीचा निघाला. त्या दिवशी राजवाड्यावर गेर निघते आणि इंदूर कुणाचंच नसतं. दुसऱ्या दिवशी सहीचा अधिकार असलेले साहेब रजेवर, तिसऱ्या दिवशी सही झाली तर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. पत्र स्कॅन झालं ते शेवटच्या संध्याकाळी, अंगावरचा गुलाबी रंग अजून गेलेला नसताना. तेव्हापासून मी योजना जाहीर झाल्याच्या दिवशीच पत्राची फाईल पाठवतो. प्रस्तावाचं शीर्षक तेवढं नक्की असावं लागतं. पत्रावरचं आणि पोर्टलवरचं शीर्षक एका शब्दानं जरी वेगळं असलं, तरी छाननीत अडकतं.

६. प्रस्ताव लिहिताना

'क्रांतिकारी' हा शब्द एकदाही लिहू नका. नवीन काय, ते परीक्षकाला पहिल्या पानावर दिसलं पाहिजे आणि त्याखाली तुमचा तो आलेख.

उद्दिष्टं तीन पुरतात. प्रत्येक उद्दिष्टाला एक प्रश्न असावा, ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. "फेरोइलेक्ट्रिक थराचा अभ्यास करणे" हे उद्दिष्ट होत नाही. "थकव्याचं मूळ ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तळच्या सांध्याशी साचण्यात आहे का, हे तपासणे" हे होतं.

माझ्या दुसऱ्या प्रस्तावावरच्या शेऱ्यांत एका परीक्षकानं विचारलं होतं की थर नक्की कोण, कुठे बसवणार. तिसऱ्या वेळी मी एक तक्ता घातला आणि मुलाखतीत निम्मे प्रश्न त्याच तक्त्यावर आले. चार रकाने: काय करायचं, कुठे, यंत्र कुणाचं, ते बंद पडलं तर काय. म्हणजे असं. थर बसवणं: क्लीनरूम केंद्रात, अणुथर निक्षेपणानं, मिळालं नाही तर लेझर निक्षेपण, इंदूरलाच. वरचा इलेक्ट्रोड: साध्या शॅडो मास्कमधून, आमच्याच कॉलेजच्या बाष्पीभवन यंत्रावर. तापवणं: आमच्या भट्टीत, ४०० अंशांच्या आत. सांधा बघणं: इंडस-२ वर. विजेची मापनं: आमच्याकडे. चौथा रकाना लिहिताना तुम्हालाच कळतं की योजना कुठे लुळी आहे.

महिन्यांचा आराखडा काढताना पहिले सहा महिने माणूस नेमण्यात आणि खरेदीत जातील असं धरा. पहिल्याच महिन्यापासून निकाल दाखवणारा आराखडा अनुभवी परीक्षक लगेच ओळखतात.

७. बजेट

आधी माणूस. जेआरएफला दोन वर्षं महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून ४२,००० असे दर २०२३ पासून आहेत. म्हणजे ८,८८,००० अधिक ५,०४,०००, एकूण १३,९२,०००. इथे नवखे थांबतात आणि घरभाडे भत्ता विसरतात. या भत्त्यासाठी इंदूर 'वाय' श्रेणीतलं शहर आहे. २० टक्क्यांनी धरलं तर आणखी २,७८,४००. हे न धरल्यामुळे तिसऱ्या वर्षी फेलोचे पगार थांबलेले मी पाहिले आहेत. चालू टक्केवारी लेखा विभागातून लिहून घ्या.

मग कन्झ्युमेबल्स: वेफर, टार्गेट (ज्यातून थर बसवतात ती पदार्थाची चकती), रसायनं, वायू, प्रोब स्टेशनच्या सुया. सुया लिहायला सगळे विसरतात आणि त्या तुटतातच. मग प्रवास: पवईच्या वर्षाला चार फेऱ्या धरा, मुक्कामासकट. उपकरण एकच, छोटं, आणि रोज लागणारं. मी सोर्स-मेजर युनिट मागितलं, म्हणजे नमुन्याला वीज देऊन मोजणारं यंत्र. परीक्षकांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, कारण विजेची मापनं रोज करायची आणि रोज मुंबईला जाता येत नाही, हे सांगावं लागत नाही.

कोटेशनवर जीएसटी आहे का, परदेशी चलनात असेल तर सीमाशुल्क कोण भरणार, वॉरंटी किती वर्षं, हे बघा. पोर्टलवर हे सगळं धरून होणारी रक्कम भरा. मंजुरीनंतर वाढवून मिळत नाही.

८. पोर्टलवर चढवणं

शेवटच्या दिवशी नको. पीडीएफचा आकार, फॉन्ट आणि पानांची मर्यादा आधी बघून ठेवा. सबमिट झाल्यावर क्रमांक आला का, ते बघा. 'सेव्ह' म्हणजे 'सबमिट' नव्हे. हसू नका, आमच्या विभागात असं झालेलं आहे.

९. मंजुरी आल्यावर

पेढे वाटा आणि मंजुरीचा आदेश तीनदा वाचा. प्रकल्पाची सुरुवात कुठल्या तारखेपासून धरली आहे, कुठल्या खात्यात पैसा येणार, खर्चाच्या किती सदरांत विभागला आहे आणि एका सदरातून दुसऱ्यात वळवता येतो का.

आता बहुतेक पैसा ठरावीक शून्य शिल्लक खात्यातून, मर्यादा मिळाल्याप्रमाणे येतो. जुन्या पद्धतीसारखा खात्यात पडून व्याज खात बसत नाही. आमच्या लेखा विभागातल्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सर, ३१ मार्चला जे उरेल ते तुमचं नाही असं समजा." मी ऐकलं नाही. डिसेंबरात मागवलेल्या टार्गेटचं बिल एप्रिलात आलं आणि तेवढी रक्कम पुन्हा मागायला पाच पत्रं लिहिली. त्या काकांशी मैत्री ठेवा. त्यांना संशोधन कळत नाही असं समजू नका. माझ्या प्रकल्पात कुठला वायू किती महिने पुरतो, हे माझ्याआधी त्यांना कळलं.

खरेदी सरकारी वित्तीय नियमांनी होते. आधी जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. वस्तू तिथे नसेल तर नसल्याचा अहवाल काढून फाईलला जोडा. एकाच कंपनीची वस्तू हवी असेल तर त्याचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र लागतं. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी हे नियम बरेच सैल झाले: कोटेशनशिवाय थेट खरेदी २ लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत, आणि परदेशी निविदेची परवानगी कुलगुरू-संचालकांच्या पातळीवर. ही सवलत तुमच्या संस्थेला लागू आहे की नाही, ते लेखी घ्या. तोंडी 'चालतं हो' वर ऑर्डर देऊ नका.

वर्षाअखेरी खर्चाचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, जीएफआर १२-अ या नमुन्यात. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या, ऑडिटरकडे गर्दी व्हायच्या आत.

१०. नकार आल्यावर

शेरे मिळत असतील तर मागवा आणि दोन दिवस उघडू नका. मग वाचा आणि प्रत्येक शेऱ्यासमोर लिहा: माझी चूक, मांडणीची चूक, की परीक्षकाचा गैरसमज. माझ्या त्या दोन पानांत गैरसमज एकच निघाला, तोही माझ्या आकृतीमुळे झालेला.

तोवर बीमटाइमचा पुढचा अर्ज भरून ठेवा. वेळ मिळाली की कॅटच्या गेटवर पास आधी काढलेला असू द्या, ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा, आणि लॅपटॉप-पेनड्राइव्ह नेणार असाल तर त्याची नोंद कशी करायची ते आधीच विचारून घ्या. आणि नमुना काचेवर नेऊ नका.